आम्ही सगळे धावायचो

माझ्या नवऱ्याने आयुष्यात घरात कुणावर हात उगारला नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण याच्या बरोबर उलटी गोष्ट आज हजारो लोकांना तोंडपाठ आहे. ते ती चालीवर म्हणतात, माना हलवत म्हणतात, डोळे मिटून म्हणतात. आणि त्यांना ती शिकवली आमच्याच धाकट्याने.

हे बॉयलरच्या कारखान्यात रिव्हेट मारायचे. लोखंडाच्या दोन पत्र्यांतून तापून लाल झालेला खिळा आरपार घालायचा आणि हातोड्याने त्याचं डोकं चेपायचं, असं ते काम. एक गडी बॉयलरच्या बाहेर, एक आत. हे आतले. भल्यामोठ्या लोखंडी पिंपात बसायचं आणि बाहेरून दिवसभर त्यावर घाव पडायचे. धाकटा रांगत होता तेव्हा ह्यांना कुजबुज ऐकू येईनाशी झाली, तो शाळेत जायला लागला तेव्हा हाक, आणि मग काहीच नाही. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि मला म्हणाले, "घर शाबूत आहे हो, पण आत कुणी राहत नाही."

ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याला तो आवरता येत नाही. हे नुसतं "पाणी दे" म्हणाले तरी जिन्यातली माणसं थबकायची. बोलून झालं की वर विचारायचे, "ऐकू आलं का?" सगळ्या गल्लीला आलेलं असायचं.

म्हणून टेबल. आमच्या दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत मधोमध ह्यांनी टाकाऊ पत्र्याचं, रिव्हेट मारून स्वतः जोडलेलं टेबल. त्यावर तळहाताची थाप मारली की थरथर जमिनीतून पायात यायची. ह्यांना बोलवायचं झालं की आम्ही थाप मारायचो, ह्यांना खुर्चीतून कळायचं. आणि ह्यांना आम्हाला बोलवायचं झालं की ते मारायचे, तीन. धम्, धम्, धम्. संध्याकाळचं जेवण तेच वाढायचे. तीन थापा पडल्या की थोरली गच्चीवरून, धाकटा जिन्यातून, मी मोरीतून हात पुसत, असे सगळे धावत सुटायचो. कारण जो पहिला पोचेल त्याला हे दोन्ही हातांनी उचलायचे आणि त्याचं डोकं छताला टेकवायचे. थोरलीच्या केसांत कायम चुना असायचा. एकदा मीसुद्धा पहिली आले होते. पुढचं सांगत नाही.

माझे ओठ ह्यांना कधी वाचता आले नाहीत. "तू ओठ न हलवता बोलतेस, चोरासारखी," असं म्हणायचे. मग पोरं मोठी झाल्यावर थोरलीने मला पाटीवर अक्षरं शिकवली, फक्त ह्यांच्याशी बोलता यावं म्हणून. माझं पहिलं वाक्य होतं, 'दूध उतू जातंय'. लिहून होईपर्यंत दूध जाऊन गॅसही विझला होता. ह्यांनी पाटी वाचली, शेगडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बातमी खरी आहे." खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

धाकट्याला गिटारचं वेड लागलं आणि त्याने तिघांना जमवून रॉक बँड काढला, तेव्हा सरावाला त्यांना कुणी उभं करेना. ढोल म्हणजे ड्रम वाजवणारा ढब्बू, त्याला तर त्याच्या सख्ख्या मावशीने हाकललं होतं. शेवटी सगळे आमच्याकडे आले. ज्या घराचा मालकच बहिरा, तिथे तक्रार कोण करणार? हे त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचे, पायाचे तळवे जमिनीला चिकटवून, आणि मान डोलवायचे. खालच्या काकू झाडूच्या दांड्याने त्यांचं छत ठोकायच्या. हे म्हणायचे, "खालच्या वहिनींनाही ताल आवडलाय बघ."

ते गाणं धाकट्याने पहिल्यांदा मलाच म्हणून दाखवलं. दुपारची वेळ होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तो टेबलाच्या कडेला बसला आणि हळू आवाजात म्हणाला,

मोठे हात, मोठा आवाज,
छताला लागायचं डोकं,
टेबलावर पडले तीन ठोके
की आम्ही सगळे धावायचो.

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. हे गिटारच्या पोटावर हात ठेवून बसले होते. "काय म्हणतोय? काय म्हणतोय?" मी शब्द पाटीवर लिहून दिले. ह्यांनी वाचले, परत वाचले, आणि टेबलावर तीन थापा मारल्या. धाकटा समोरच बसला होता, तरी उठून धावत आल्यासारखं करून त्यांच्या अंगावर पडला. पंचविशीचा घोडा. ह्यांनी त्याला उचलायला घेतलं आणि दोघेही खुर्चीसकट आडवे झाले.

पुढे बँडला रेकॉर्ड काढणारी कंपनी मिळाली. कंपनीचा एक माणूस होता, त्याचा काळा चष्मा कायम डोक्यावर असायचा, डोळ्यांवर कधी नाही. त्याला आम्ही गॉगलवालाच म्हणायचो. त्याला ठोके आवडले. तो म्हणाला, खरं टेबल आणा, त्याचाच आवाज घेऊ. ढब्बू आणि दोघे टेबल न्यायला आले तर हे टेबल सोडेनात. "टेबल जाईल तिथे मी जाईन." मग मीही गेले, पाटी घेऊन.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे अंड्यांचे ट्रे उलटे लावल्यासारख्या भिंती. टेबलाभोवती चार माइक लावले. ह्यांच्यासमोर काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला, तो बोटाने खूण करणार आणि हे थापा मारणार. बाकी सगळ्यांनी कानाला हेडफोन लावले होते, म्हणून ह्यांनीही मागून घेतला. ढब्बू म्हणाला, "काका, तुम्हाला काय उपयोग?" त्याचे ओठ ह्यांनी वाचले. म्हणाले, "टोपी सगळ्यांना दिली तर मलाही पाहिजे." पहिल्याच वेळी रेकॉर्डिंगवाल्याने अंगठा वर केला, तरी हे परत परत मारत राहिले, कारण त्यांना मजा यायला लागली होती. धाकट्याने त्या दिवशी गायलेला शब्द 'धावायचो' होता. मी तिथे होते. माझे कान शाबूत आहेत आणि आत मी राहते.

अल्बम आला आणि असा चालला, की दुकानदार आधी सुट्टे पैसे देतो का चाल गुणगुणतो ते कळेना. धाकटा तोवर गावोगाव गात फिरत होता. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते भाजीवाल्याच्या रेडिओवर. मोठे हात आले, मोठा आवाज आला, छत आलं, ह्यांचे ठोके आले. माझ्या आजूबाजूच्या बायकांना मी सांगणारच होते, अहो, हे आमचे. तेवढ्यात धाकटा गायला,

की आम्ही सगळे लपायचो.

मला वाटलं रेडिओ खरखरला. पण गाण्यात ती ओळ परत परत येते. लपायचो. लपायचो. लपायचो. शेजारची बाई पिशवी छातीशी धरून म्हणाली, "काय सोसलं असेल ना पोराने! छताला डोकं आपटायचा मेला."

टेकवायचा गं बाई, आपटायचा नाही, असं मी म्हणाले का? नाही म्हणाले. मूग गिळून घरी आले.

नुसता एक शब्द बदलला होता. बाकी सगळं खरंच. हात खरे, आवाज खरा, छत खरं. आणि ते ठोके तर ह्यांनी स्वतः हेडफोन घालून, हसत हसत मारलेले. माणसाने जेवायला हाक मारावी आणि कुणीतरी ती हाक उचलून कोर्टात पुरावा म्हणून ठेवावी, तसं झालं.

मग मुलाखती आल्या. टीव्हीवर एका बाईने धाकट्याला विचारलं, "ते टेबल... वडील मारायचे तुम्हाला?" धाकट्याने मान खाली घातली. बराच वेळ तो बोललाच नाही. बाईने त्याच्या हातावर हात ठेवला. टाळ्या झाल्या. हे टीव्हीसमोर बसले होते. मला म्हणाले, "लाजतो बघ अजून. लहानपणीही असाच लाजायचा."

ह्यांच्याशी बाहेर माणसं वेगळी वागायला लागली. जिन्यात एक बाई पोराला ओढून भिंतीला लागली. चहाच्या टपरीवरचं बाकडं हे बसले की रिकामं व्हायचं. पोरं आमचं दार तीनदा वाजवून पळायची, आणि त्या थापा जमिनीतून ह्यांच्या पायात यायच्या. "कोण आलंय? उघड, गाण्याचं कौतुक करायला आलं असेल." ह्यांना वाटायचं, मुलगा प्रसिद्ध झाला म्हणून लोक दबून वागतात. खालच्या काकू मला नळावर म्हणाल्या, "आम्ही तेव्हाच ओळखलं होतं हो. काय ती आदळआपट! पण दुसऱ्याच्या घरात बोलायचं कसं?"

"बोलत नव्हतात, पण झाडूचा दांडा मोडला होता तुमचा," मी म्हणाले. "तेव्हा कळवळ्याने ठोकत होतात का?"

मी थोरलीला घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले. भिंतभर धाकट्याचे फोटो, प्रत्येकात कपाळावर आठी. खरा धाकटा कोचावर बसून काहीतरी खात होता. मला पाहून उठला.

"आई! बस ना. काय घेणार?"

"शब्द घेणार. कुठे ठेवलास?"

"कुठला शब्द?"

"'धावायचो'."

त्याने गॉगलवाल्याकडे पाहिलं. गॉगलवाला साखर पेरल्यासारखं बोलला, "काकू, धावण्यात काय आहे? पोरं रोजच धावतात. लपायचो म्हटलं की माणूस जागच्या जागी थांबतो."

"थांबतो खरा. मी भाजी घेताना थांबले ती अजून हलले नाही."

"आई, गाणं आहे ते," धाकटा म्हणाला. "गाण्यातला मी म्हणजे खरा मी नसतो."

"मग टीव्हीवर मान खाली घालून कोण बसलं होतं? गाण्यातला तू का कोचावरचा तू?"

"मी काहीच बोललो नाही तिथे."

"तेच म्हणते मी! तिने विचारलं वडील मारायचे का. एक 'नाही' पुरे होतं. नाही म्हणायला गिटार लागते का रे?"

थोरली एरवी शांत, पण ती म्हणाली, "आणि 'आम्ही सगळे' कुठून आणलंस? 'मी लपायचो' म्हण. मला का कोंबलंस तुझ्या त्या लपायच्या कपाटात? आमच्या ऑफिसात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मी काही आजारी नाही."

गॉगलवाला पुढे सरकला. "ताई, काकू, ऐका. आमच्याकडे पत्रं येतात. लहानपणी ज्यांनी खरंच मार खाल्ला अशांची. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की कुणीतरी आपलं बोललं. तो शब्द आता त्यांचा झालाय. तो काढून घेणार तुम्ही?"

ते बोलणं मला लागलं, खोटं कशाला बोलू. अशी घरं मला माहीत आहेत, एक तर आमच्याच जिन्यात होतं. तिथलं पोर आमचे ठोके पडले की आमच्याबरोबर जेवायला धावत यायचं. मी म्हणाले, "त्या लेकरांचं मला वाईट वाटतं. त्यांच्या बापांवर त्यांनी खुशाल गावं, मी ऐकायला बसेन. पण त्यांच्या बापांच्या जागी माझा नवरा का उभा करता? आणि उद्या त्यांना कळलं की ह्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं, तर? ज्याच्या गळ्यात पडून रडलो तो सोंग करत होता, हे त्यांना पत्राने कळवणार का तुम्ही?"

गॉगलवाल्याने पहिल्यांदाच तो चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर ओढला.

धाकटा जमिनीकडे बघत पुटपुटला, "पण बाबांना थोडंच कळणार आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ऐकू येत नाही म्हणून? आंधळ्याच्या ताटातून उचलावं तसं? त्यांच्या बहिरेपणावर तुमचा सगळा सराव झाला, तेव्हा कुणी हू की चू केलं नाही. आता त्याच बहिरेपणाआड उभं राहून त्यांनाच दगड मारतोस? त्यांच्याच हाताचे ठोके घेऊन?"

"आई, हळू बोल. बाहेर लोक आहेत."

"लप ना मग," थोरली म्हणाली.

त्याने काही कबूल केलं नाही. बघू म्हणाला. पुढच्या वेळी बघू, मोठ्या कार्यक्रमानंतर बघू.

मला वाटलं, आपणच सांगून टाकावं. वर्तमानपत्रातून एक मुलगी घरी यायला मागत होतीच. हे बाहेर गेलेले असताना तिला बोलावलं. टेबल दाखवलं, थाप मारून दाखवली, पाटी दाखवली, छतावरचा डोक्यांनी झिजलेला चुना दाखवला. ती छताकडे बघून म्हणाली, "बाप रे." मी म्हणाले, "बाप रे काय, प्रेमाने गं!" ती माझा हात धरून म्हणाली, "आजी, तुम्हाला कधी निघून जावंसं वाटलं नाही?"

दोन दिवसांनी छापून आलं. मथळा असा होता: 'आई अजूनही पाठीशी घालते.' खाली टेबलाचा फोटो, अंधार करून काढल्यासारखा. खुनाचं हत्यार दाखवतात तसा.

वर्तमानपत्र मी गादीखाली सारलं, पण टपरीवरही वर्तमानपत्र येतं. हे दुपारी ते हातात घेऊनच घरी आले. चप्पलसुद्धा काढली नाही. टेबलावर कागद पसरला आणि म्हणाले, "कोण कुणाला पाठीशी घालतंय?"

मग मी लिहिलं. पाटी भरली, पुसली, परत भरली. भाजीवाल्यापासून कचेरीपर्यंत सगळं. 'धावायचो' लिहिलं, त्यावर काट मारली, खाली 'लपायचो' लिहिलं. हे त्या दोन शब्दांकडे खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. आयुष्यात पहिल्यांदा खरंच ओरडायला कारण होतं. पण हे म्हणाले, "तो नाही असं म्हणणार."

'मी ऐकलंय,' मी लिहिलं.

"रेकॉर्डमध्ये काय वाटेल ते करतात. तुकडे जोडतात. मी पाहिलंय त्या खोलीत. कंपनीने घातला असेल शब्द." मग बोट उचलून म्हणाले, "धावायचो म्हणताना ओठ मिटत नाहीत. लपायचोमध्ये मिटतात, प ला. समोर गाईल तेव्हा मी बघेन. माझ्यासमोर तो ओठ नाही मिटणार."

हा त्यांचा विश्वास मला त्या मथळ्यापेक्षा जड गेला. जाऊ नका असं लिहायला पाटी उचलली आणि खाली ठेवली. त्यांचं नाव गेलं होतं, ते परत मिळतं का हे बघायला त्यांनी जायचं नाही तर कुणी?

धाकट्याला थोरलीने कळवलं की आम्ही येतोय आणि कशासाठी येतोय. म्हणजे त्याला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा. त्याला माहीत होतं.

कार्यक्रम उघड्या मैदानावर, ऊन कलल्यावर होता. हे इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले, पाय जमिनीला टेकवून. आजूबाजूला सगळी तरुण पोरं. काहींच्या बनियनवर आमचं टेबल छापलेलं होतं. माझ्या शेजारी एक मुलगी होती, गोड होती, मला तिने पाणीही दिलं. आम्ही कोण हे तिला माहीत नव्हतं.

ठोके पडले. ह्यांचेच, रेकॉर्ड केलेले. मैदान उसळलं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "मी!" मोठे हात झाले, मोठा आवाज झाला. धाकट्याने आम्हाला पाहिलं होतं. मला ते त्याच्या मानेवरून कळलं, तो सगळीकडे वळत होता, फक्त आमच्या बाजूला नाही. ती ओळ आली आणि त्याने माइक तोंडापासून काढून लोकांपुढे धरला. हजारो गळ्यांतून आलं, 'लपायचो'. त्याचे ओठ मिटलेले होते, पण तो गातच नव्हता.

"काय म्हणाला?" ह्यांनी विचारलं.

मी मान हलवली. काहीच म्हणाला नाही. टीव्हीवर म्हणाला नव्हता तसंच. दुसऱ्याकडून म्हणवून घ्यायचं आणि आपले हात स्वच्छ. मला असा संताप आला की मी उभी राहिले. आमच्या घरात ओरडायला एक माणूस पुरेसा होता, मी कधी ओरडले नव्हते. तीच ओळ परत आली आणि मी जेवढा होता तेवढा जीव काढून ओरडले, "धावायचो!"

शेजारच्या मुलीने माझ्या दंडाला हात लावला. "आजी, शब्द चुकला तुमचा. लपायचो आहे ते."

"बाई गं, मी त्या घरात होते," मी म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही, तेवढ्यात गिटार सुरू झाली होती.

पण हे माझ्याकडे बघत होते. माझे ओठ त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाचता आले असावेत. हेही उठले. कारखान्यातला तो आवाज, ज्याला वर-खाली माहीत नाही, तो ह्यांनी पूर्ण सोडला. "धावायचो!" मागच्या चार रांगा उठून बघायला लागल्या. धाकट्याची बोटं गिटारवर घसरली, एक सूर वाकडा गेला, ढब्बूने मान वर करून पाहिलं. ऐकलं त्याने. बाप बहिरा आहे, तो नाही.

शेवटचं कडवं उरलं होतं. धाकटा आमच्या बरोबर समोर आला. माइक त्याने या वेळी लोकांपुढे धरला नाही. मला क्षणभर वाटलं, आता. हे पुढे वाकले होते, डोळे त्याच्या तोंडावर, नखं सदऱ्याच्या काठात रुतलेली. धाकट्याने डोळे मिटले.

आणि मग ओठ मिटले. ल ला नाही, प ला. कुणालाही दिसले असते. मागच्या पडद्यावर तर ते घराएवढे दिसत होते.

"मिटले," हे म्हणाले. आसपासच्या सगळ्यांना ऐकू गेलं, कुणाला कळलं नाही. "चल."

लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत आम्ही बाहेर आलो. फाटकावरचा पोरगेला रखवालदार म्हणाला, "आजोबा, निघालात? अजून दोन गाणी आहेत." ह्यांनी त्याला नमस्कार केला. बस थांब्यावर दिवे लागत होते. हे रस्त्यापलीकडच्या माणसाने दचकून पाहावं एवढ्या आवाजात म्हणाले, "तो येईल घरी. एखाद्या दिवशी येईल. आला की काय विचारायचं त्याला?"

पाटी मी आणली नव्हती. ह्यांचा तळहात उघडून मी त्यावर बोटाने लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर: 'दोनच खोल्या आहेत. कुठे लपायचास ते दाखव म्हणावं.'